वाढलं म्हणजे फुटलं

आमच्या साताऱ्याच्या घरात कधी काही फुटत नसे. नारळ वाढवायचा, बांगडी वाढायची, मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढलं म्हणायचं, आणि रात्री पेठेतला वाणी दुकान बंद न करता वाढवायचा. तसंच आमच्या घरातून कुणी कधी जातही नसे. "जाते" असं तोंडून निघालं की आई उंबऱ्यावरून परत बोलवायची आणि "येते म्हण" म्हणून दटावायची. कुणाला नुसतं "जा" म्हणणं तर त्याहून वाईट. "जाऊन ये" असं पुरतं म्हणायचं, मग तो कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला का निघालेला असेना. मला लहानपणापासून या लपवाछपवीचा राग होता. मोडलं त्याला मोडलं म्हणावं, असं माझं मत. पुढं मी पदार्थविज्ञान शिकवलं ते बहुधा याच रागापोटी. आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले तेही पदार्थविज्ञानाच्याच आधारानं, हे आधीच सांगून टाकते.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची. माझा थोरला भाऊ, दादा, कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याची बायको तासगावकडच्या शेतकरी घरातली. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मानानं मोठी, म्हणून मी तिला वहिनी म्हणायची आणि ती मला वन्सं. आम्ही तिघं कुपवाडच्या रस्त्याला लागून दोन खोल्यांत राहत होतो. वरचा मजला, पुढं लाकडी कठड्याची गॅलरी, आणि तेव्हा त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती शेतं.

हिवाळ्यात कारखान्याची पाळी सुटेपर्यंत अंधारून यायचं. मग रस्त्यानं सायकलींच्या दिव्यांची रांग लागायची. वहिनी कठड्याला टेकून उभी राहायची आणि दिवा पाहून अंतर ओळखायची. बारीक दिवा लांबचा, मोठा दिवा जवळचा. तिचा अंदाज चुकत नसे, फक्त दादाच्या बाबतीत चुकायचा. सायकलचा दिवा डायनामोवर, चाक जोरात फिरलं तर लख्ख, हळू फिरलं तर मिणमिणता. दादा जन्माचा सावकाश पायडल मारणारा. "अजून लय लांब हायत," म्हणून ही आत तव्याकडं वळायची आणि तेवढ्यात जिन्यात त्याची पावलं वाजायची. रोज फसायची आणि रोज हसायची.

एका सोमवारी दादानं डबा घेतला, "येतो गं" म्हणाला आणि गेला. कारखान्यात पोचलाच नाही. तीन दिवसांनी त्याची सायकल मिरज स्टेशनच्या सायकल-स्टँडवर सापडली. कुलूप लावलेली, रीतसर बिल्ला घेऊन ठेवलेली. चौकशीला आलेले हवालदार म्हणाले, "बिल्ला सोबत नेलाय, म्हंजे मानूस परत यायच्याच बेतानं गेलाय." या वाक्यानं आमचं जितकं नुकसान केलं तितकं कुणीच केलं नसेल. भांडण नव्हतं, व्यसन नव्हतं, चिठ्ठी नव्हती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेपरात दिलं, 'जिथं असशील तिथून निघून ये, कुणी रागावणार नाही, आई आजारी आहे.' आई तेव्हा आजारी नव्हती. नंतर पडली.

तो का गेला हे मला आजही माहीत नाही. माणूस मेला की रडता येतं. हा मेला नव्हता, त्यामुळं घरात रडायचीही चोरी. वहिनी रोज कुंकू लावायची, रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची. हिरवी बांगडी वाढली तर त्याच दिवशी कासाराकडं जाऊन नवी भरून यायची, आणि तुकडे एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची. डबा कधी टाकला नाही, उघडलाही नाही, नुसता खुळखुळायचा. मला त्या आवाजाचा तेव्हा राग यायचा. आता तो आवाज नसतानाही ऐकू येतो.

त्याच वर्षी आमच्या विभागाच्या सरांनी मला एका कामाला जुंपलं. सर साठीला टेकलेले, अंगावर कायम खडूची पूड, आणि डोक्यात एकच खूळ. काही तारे मरताना असे फुटतात की थोडे दिवस अख्ख्या दीर्घिकेएवढा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या एका गावाएवढा, उजेड पाडतात. त्यांतली एक जात अशी, की तिच्यातले सगळे तारे जवळजवळ सारख्याच तेजानं फुटतात असं काही लोक म्हणू लागले होते. तसं असेल तर बारीक दिसेल तो लांबचा, ठळक दिसेल तो जवळचा. सर सुट्टीत पुण्याला जाऊन परदेशी नियतकालिकांतले आकडे वहीत उतरवून आणायचे, आणि मी ते आलेखाच्या कागदावर मांडायची. दिवस आडवे, तेज उभं. तारा झपाट्यानं चढतो, मग उतरतो, आधी भराभर, मग रेंगाळत.

सरांनी हे काय आहे ते मराठीत लिहायला सांगितलं होतं, विद्यार्थ्यांसाठी. मी घरी टेबलावर बसून मोठ्यांदा वाक्य जुळवत होते, "विश्व सारखं वाढत आहे." वहिनी शिवणाच्या मशीनवर होती. दादा गेल्यावर तिनं शिवणकाम धरलं होतं. मशीन एकदम थांबलं. पाहते तर तिनं डाव्या हातानं उजव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या.

"कवा?" ती म्हणाली.

"काय कधी?"

"वाढलं म्हनला न्हवं तुमी."

मला हसू आलं, मग लाज वाटली. वाढणं म्हणजे मोठं होणं, असं मी तिला पोक्तपणे समजावलं. दीर्घिका एकमेकींपासून लांब जात आहेत, सगळ्या, सगळीकडं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग तेच की ओ. एकाजागी हुतं त्ये लांब लांब गेलं, म्हंजे फुटलंच." मी लेखात 'वाढत आहे' खोडून 'प्रसरण पावत आहे' केलं. सरांना तो शब्द आवडला. मला तो अजून खोटा वाटतो.

त्यानंतर ती माझ्या कामात आली, ती आलीच. आलेख ट्रेसिंग पेपरवर उतरवून मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायची आणि त्यांचे माथे जुळवायची. जुळायचे नाहीत. कारण पुष्कळदा तारा पुरता चढला तेव्हा पाहणारं कुणी नसायचं, तो उतरायला लागल्यावर लोकांचं लक्ष जायचं. चार दिवस माझी चिडचिड पाहून वहिनीनं कागद हातातून घेतले. ब्लाउज बेतायचे कागदी नमुने जुळवायची तिला सवय. "डोकं कशाला जुळवताय? डोकं न्हाईच त्याला. उतार जुळवा, डोकं कुठं हुतं ते मागनं कळंल," ती म्हणाली, आणि कागद काचेवर सरकवत सरकवत तिनं उतारावर उतार बसवला. वर जिथं कुणी पाहिलंच नव्हतं तिथं माथा आपोआप दिसायला लागला. सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या वहिनींना कॉलेजात पाठवा, तुम्ही मशीन चालवा." त्यांची थट्टा असायची, पण ही निम्मीच थट्टा होती.

मला मात्र त्या दिवशी वेगळंच जाणवलं. गेलेल्या माणसाच्या उतारावरून त्याचा माथा शोधायचा, हे काम ती काचेवर शिकली नव्हती.

खरा प्रश्न पुढचा होता. विश्वाचे दोन नकाशे लोकांनी मांडले होते. एकात हे लांब जाणं हळूहळू मंदावतं, थांबतं, आणि सगळं परत फिरतं, वर फेकलेला चेंडू हातात यावा तसं. दुसऱ्यात जाणं मंदावतं खरं, पण थांबत नाही, सगळं कायमचं जातच राहतं. दोन्हींतला खरा कोणता, हे फार लांबच्या फुटलेल्या ताऱ्यांवरून ठरवता येईल अशी आशा होती. परत फिरणारं विश्व असेल तर ते तारे दुसऱ्या नकाशापेक्षा जरा ठळक दिसायला हवेत. पण तितक्या लांबचे तारे सापडलेलेच नव्हते. आमच्याकडं होते बावीस ठिपके, एका ताऱ्याचा एक, सगळे जवळपासचे, आणि इतके विखुरलेले की दोन नकाशांमधला फरक त्या विखुरण्यात कुठंच हरवून जायचा. सर मला म्हणाले, "बाई, यातून कुठलीही रेघ जाते. हा आलेख गप्प आहे. गप्प माणसाला बोलतं करायला जाऊ नका, तो आपलंच बोलणं परत ऐकवतो."

त्या दिवसांतली एक संध्याकाळ सांगायला हवी. आम्ही दोघी गॅलरीत होतो. पाळी सुटून सायकली केव्हाच गेल्या होत्या, रस्ता रिकामा. तेवढ्यात लांबून एक दिवा येताना दिसला. एकटा, मिणमिणता, सावकाश. तो उसाच्या फडापर्यंत आला, आमच्या दारासमोरच्या कडुनिंबापाशी आला आणि विझला. डायनामोचा दिवा सायकल थांबली की विझतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. म्हणजे कुणीतरी आमच्या घरासमोर थांबलं होतं. आम्ही जिना कसा उतरलो ते आठवत नाही. कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. फडाच्या कडेनं एक पायवाट आत जात होती, कुणी वस्तीवरचा माणूस उतरून सायकल हातात धरून तिकडं गेला असेल. असणारच. मी तसं म्हणालेही. वहिनी उभी राहिली, आणि मग तिनं फडाकडं तोंड करून हळू आवाजात विचारलं, "जेवलाय का?" इतकी भीती मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही, आणि ती भुताची नव्हती. तिथं कुणीतरी आहे आणि त्याला यायचं नाही, या विचाराची होती.

दादाला जाऊन तिसरं वर्ष लागलं तेव्हा वहिनीचे वडील तासगावहून एस.टी.नं आले. उंच, वाळका माणूस, बोलायला नरम. पिशवीतून द्राक्षं काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि मुलीला समोर बसवलं. त्यांच्यात पाट लागत असे, म्हणजे दुसऱ्या लग्नाला बंदी नव्हती. एक बिजवर होता, बायको बाळंतपणात गेलेली, द्राक्षाचा मळा, माणूस चांगला. "चोवीस वर्साची हायस तू पोरी," ते म्हणाले, "सावलीसंगं किती दिस संसार करनार? पुनवंपतूर सांग. व्हय म्हनलीस तर आदी ह्या वाढवाय लागतील." त्यांनी तिच्या हाताकडं बोट केलं, आणि तेवढं बोलून त्यांचेच डोळे भरून आले. साताऱ्याहून आबांनी कळवलं होतं की तिचं तिनं ठरवावं, आमची आडकाठी नाही. आईनं काहीच कळवलं नाही.

वडिलांना एस.टी.वर सोडून ती परत आली. दुपार होती. मी टेबलावर बावीस ठिपके पसरून बसले होते. ती चप्पल न काढता तशीच येऊन माझ्या बाजूला उभी राहिली.

"वन्सं, ह्ये तुमचं तारं काय म्हनत्यात? परत येनार का न्हाई?"

मी कौल लावणाऱ्यांची आयुष्यभर टर उडवत आले. देवाच्या अंगावर फुलं चिकटवायची आणि उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाही. त्या दुपारी माझ्यासमोर माणूस कौल मागायला उभा होता, आणि मला काय करायला हवं होतं ते मला स्वच्छ ठाऊक होतं. आलेख गप्प आहे, एवढंच सांगायचं होतं. ताऱ्यांचा आणि दादाचा काही संबंध नाही, हे सांगायचं होतं. पण मी त्या दोन खोल्यांचा विचार करत होते. ती गेली तर संध्याकाळी त्या गॅलरीत मी एकटी. दादाची वाट पाहणारं दुसरं कुणी उरलं नाही तर दादा खरंच गेला. मला माझा भाऊ हवा होता आणि मला ती हवी होती, आणि माझ्या हातात पेन्सिल होती.

मी पट्टी घेतली आणि ठिपक्यांमधून रेघ ओढली, परत फिरणाऱ्या विश्वाच्या बाजूनं. "येणार," मी म्हणाले. "वेळ लागेल, पण येणार."

तिनं रेघेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाली, चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली आणि पाय धुवायला गेली. पौर्णिमेच्या आधी तिनं वडिलांना नाही म्हणून कळवलं. बिजवरानं पुढच्या हंगामात दुसरीकडं लग्न केलं. मी तो कागद सरांना दाखवला नाही. फाडलाही नाही. वर्षानुवर्षं तो माझ्या पेटीत तळाशी होता, आणि पेटी उघडताना मी वरच्या वर हात घालायची.

दादा आला नाही. आई गेली, आबा गेले, सर गेले. मी लग्न केलं नाही. रस्ता रुंद झाला, फड गेले, सायकली जाऊन मोपेडी आल्या, त्यांच्या दिव्यांवरून काहीच ओळखता येईना. वहिनीचं एक मशीन होतं त्याची चार झाली, ती मुलींना शिवण शिकवू लागली. केस पिकले, बांगड्या हिरव्याच राहिल्या. पत्र्याचे डबे तीन झाले. बाहेरच्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या की नाही यावर आपसांत कुजबुजायच्या, आणि मी अशा बायकांना फाडून खायची. माझ्या तोंडाला सगळे भीत. मी कशाला भीत होते ते कुणाला माहीत नव्हतं.

शतक संपत आलं तेव्हा एका सकाळी पेपरात बातमी वाचली. फार फार लांबचे फुटलेले तारे अखेर सापडले होते, पुष्कळ सापडले होते, नीट मोजले गेले होते. आणि ते ठळक नव्हते. दोन्ही नकाशांत बसणार नाहीत इतके बारीक होते. जाणं मंदावत नव्हतंच. सगळं लांब जात होतं, आणि दिवसेंदिवस जास्त वेगानं. मी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मग उठून पेटीच्या तळातून तो कागद काढला. पेन्सिलीची रेघ पुसट झाली होती, पण होती.

वहिनी पुढच्या खोलीत काज करत होती. मी तिच्यासमोर स्टूल ओढलं.

"वहिनी, मी तुला चुकीचं सांगितलं होतं."

"कवाचं?"

मी कागद दाखवला, बातमी सांगितली. जाणारं परत फिरत नाही म्हणतात, उलट जोरानं लांब जातंय. तिनं सुई टाचण्यांच्या उशीत खोचली.

"तारं लय बारीक दिसत्यात म्हनून?"

"हो."

"सावकास पायडल मारत असतील."

मला हसावं की रडावं कळेना. "तेही तपासलंय त्यांनी," मी म्हणाले. "वहिनी, ऐक. तेव्हासुद्धा मला माहीत होतं. सर म्हणाले होते की यातून कुठलीही रेघ जाते. मी तुला सांगितलं नाही. मी मुद्दाम ओढली ती रेघ."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "कागद मीच लावलं हुतं न्हवं काचंवर? त्या ठिपक्यातनं कसलीबी रेघ गेली असती. मला काय दिसत न्हवतं व्हय?"

बाहेर शिकणाऱ्या मुली जिन्यात बोलत होत्या. इतकी वर्षं मी तिला फसवल्याचं ओझं वाहिलं होतं, आणि ती फसलीच नव्हती.

"मग राहिलीस कशाला?"

"मी ताऱ्यास्नी कशाला इचारीन? तुमाला इचारत हुते." तिनं पुन्हा सुई घेतली, दोरा ओवायला उजेडाकडं धरली. "तुमी जा म्हनला असता तर गेले असते, वन्सं."

दोरा ओवला गेला. तिनं गाठ मारली आणि पुढचं काज धरलं. मी कागद हातात घेऊन बसून राहिले. मोडलं त्याला मोडलं म्हणणारी मी. चोवीस वर्षांच्या त्या मुलीला एकच शब्द हवा होता, आणि तो आमच्या घरात कुणी कुणाला म्हणत नसे.